वाढत्या अंगाचं

‘जरा वाढत्या अंगाचं शिवा हं!’ हे वाक्य कानावर पडल्याशिवाय आमच्या पिढीतल्या कुणाचं बालपण पार पडलेलं नाही. जून तोंडावर आला की गणवेशाचं कापड काखोटीला मारून आई मुलांना शिंप्यापुढे उभी करायची. शिंपी गळ्यातल्या टेपनं छाती-कंबर मोजायचा, कानामागची पेन्सिल काढून वहीत आकडे टिपायचा आणि आई त्या प्रत्येक आकड्याला दोन इंचांची हरकत घ्यायची. परिणामी पहिल्या वर्षी सदऱ्यात शेजारचं मूलही मावलं असतं. तिसऱ्या वर्षी बटणं आणि काजी यांचं पटेनासं व्हायचं. मधल्या वर्षी सदरा अंगाला नेमका बसायचा खरा, पण तोवर त्याची कॉलर विरलेली असायची. मापात बसणारा नवा कपडा ही चैन थेट लग्नातच, आणि तीही फक्त नवरदेवाची.

हल्ली तरुण मुली आजीची पोलकी कपाटातून उकरून काढतात, भरतकामाच्या रिंगा विकत आणतात, मोबाइलवर बघून साखळी टाका आणि गहूटाका शिकतात. ते पाहून थोरली मंडळी समाधानानं म्हणतात, ‘जुनं ते सोनं!’ हे काही मला पटत नाही. जुन्यातलं बरंचसं टोचायचं, आटायचं आणि पहिल्याच धुण्यात रंग सोडायचं. जुन्या शिवणीची गंमत बघायची तर कपडा उलटा करावा लागतो.

उलट्या बाजूला शिवणीच्या कडेनं बोटभर रुंदीचं कापड सोडलेलं असतं. त्याला दाब म्हणतात. मुलीच्या परकराला तर दाबावर भागायचं नाही. काठाच्या वर दोन-तीन आडव्या दुमडी घालून हातानं धावदोरा मारलेला असायचा. पोरीचे घोटे उघडे पडू लागले की एक दुमड उसवायची. उसवलेल्या जागी टाक्यांच्या बारीक भोकांची रांग दिसायची आणि दुमडीत झाकलेलं कापड दुकानातून आणलं त्या दिवसासारखं गर्द निघायचं, बाकी परकर मात्र उन्हानं विटलेला. अशा गर्द पट्ट्या मोजल्या की पोर किती वेळा वाढली ते कळायचं.

तयार कपड्यात ही सोय नाही. तिथल्या ओव्हरलॉक मशीनला सुईशेजारीच पातं असतं. शिवता शिवता ते कडेचं जास्तीचं कापड छाटून टाकतं आणि उरलेल्या कडेला दोऱ्यांनी गुंडाळून टाकतं. आतली शिवण दिसते मोठी नीटनेटकी, पण उसवायला काही शिल्लक नसतं. आहात तसेच राहा, असा त्या शर्टाचा सक्त हुकूम असतो. दिवाळीचा फराळ नावाची गोष्ट त्याला कुणी सांगितलेलीच नसते.

वाढीला जागा ठेवायची ही अक्कल आपल्याकडे शिवणयंत्राच्याही आधीची. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे विणकर जे खण विणत, त्यांच्या चोळ्या मराठी बायकांनी पिढ्यान् पिढ्या घातल्या. त्या चोळीला पुढे बटणं नसत, दोन टोकांची गाठ असे. अंग भरलं की गाठ सैल, वाळलं की आवळ. नऊवारीला तर सुईच लागत नव्हती. सासूचं लुगडं सुनेला आणि सुनेचं नणंदेला, कमरेच्या घेराचा प्रश्नच कुणी काढत नसे. आता खण पुन्हा जोरात आहे. त्याच्या साड्या होतात, पर्स होतात, कानातले होतात. आणि लग्नसराईत दुकानात टांगलेली असते ती ‘शिवलेली नऊवारी’, स्मॉल, मीडियम, लार्ज आणि डबल एक्सेल! ज्या वस्त्राला माप नव्हतं त्याला आपण माप चिकटवलं आणि वर ते आपल्याला होत नाही म्हणून हळहळलोही.

यात मशीनला दोष देण्यात अर्थ नाही. टोकाशी नेढं असलेल्या सुईच्या मशीनचं पेटंट एलियास हाऊ या अमेरिकन माणसानं १८४६ साली घेतलं. वरचा दोरा आणि खालच्या बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकून टाका पडतो, ही आजच्या घरगुती मशीनचीही रीत. पुढे १८५१ मध्ये आयझॅक सिंगरनं आपलं मशीन आणलं आणि त्याच्या कंपनीनं ते हप्त्यांवर घरोघर पोचवलं. यंत्रांविषयी मनात अढी असलेल्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली एका संवादात शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात म्हणून प्रेमापोटी सिंगरनं ते यंत्र काढलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सिंगरसाहेबांची घरंच अनेक होती आणि मुलं दोन डझन. थोडक्यात, त्यांचा संसारही वाढत्या अंगाचाच होता.

आपल्याकडे या मशीननं पुष्कळ बायकांना हात दिला. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात शिवणाचे वर्ग चालत, आणि पुढे गावोगावच्या शिवणक्लासांतून बाहेर पडलेल्या बायकांनी ब्लाउज शिवून मुलांच्या फिया भरल्या. दुपारची जेवणं आटोपली की पायाखालच्या पट्टीचा खडखड आवाज सुरू व्हायचा, आणि तो ऐकून आळीला कळायचं, कुणाच्या घरी चार पैसे येताहेत.

घरच्या मशीनखाली कापडाला मरण नव्हतं. लुगडं विरलं की त्याच्या धडक्या भागाचा परकर, परकराचं झबलं, झबल्याचं दुपटं. उरलेल्या चिंध्यांना गोधडीत जागा ठरलेली. कोल्हापूर-सांगलीकडे तिला वाकळ म्हणतात. तिच्यावर धावदोऱ्याच्या रांगा कडेपासून आत आत फिरत जातात. गाडगेबाबा अंगावर ठिगळांचं वस्त्र मिरवत फिरले, लोक त्यांना गोधडे महाराज म्हणू लागले. आज तीच ठिगळं ‘पॅचवर्क’ म्हणून काचेच्या दुकानात जातात, तेव्हा किमतीची चिठ्ठी वाचून आपलाच धावदोरा उसवतो.

तरीही आजीची पोलकी उकरून काढणाऱ्या त्या मुली सुई हातात धरताहेत ते मला फार आवडतं. त्यांना हवी आहे ती उसवून पुन्हा शिवायची मुभा. आजूबाजूचं सगळं ‘आहे असं घ्या, नाहीतर सोडा’ म्हणत असताना, दोन इंच आत राखून ठेवलेला कपडा म्हणतो, तू बदलशील, मी धरून चाललोय. मुलांची अंगं उभी वाढतात, आपली आडवी, एवढाच काय तो फरक. दाब दोघांनाही लागतो. जाणता शिंपी कमरेचा नवा आकडा मोठ्यानं न उच्चारता वहीत लिहून घेतो, हा त्याचा केवढा तरी उपकार.

तयार कपडा आजच्या आज मिळतो, आजच्या मापाचा. शिंपी मात्र कधीही गेलात तरी ‘उद्या या’ म्हणतो, आणि आपण वैतागतो. पण त्याचा तरी काय दोष? जो माणूस जन्मभर लोकांच्या उद्याची मापं घेतो, त्याच्याकडे आज कुठून असणार!