मिसिंग गाडीत की डोक्यात?

काय दिवस आलेत बघा! गाडीनं जरा ठसका दिला की पूर्वी माणूस मुकाट वस्तादाकडे जायचा. वस्ताद बॉनेटला कान लावायचा, पोराला 'रेस दे' म्हणायचा आणि निकाल सुनावायचा. आता आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याच्या घाटात गाडी कडेला उभी, काचा वर, आणि मालक आत बसून मोबाईलला विचारतोय, 'चढावर गाडी मिसिंग मारते, कारण काय?' उत्तर येतंय तोवर त्याच अंगठ्यानं पुढचा प्रश्न, 'कामात लक्ष लागत नाही, उपाय सांगा.' अरे, घाटात? जरा तरी लाज?

आणि मोबाईलवरच्या या सल्ल्यांचा थाट तर पाहा. काही शे रुपयांचं एक यंत्र मिळतं. स्टिअरिंगखालच्या खाचेत खोचलं की ब्लूटूथवरून मोबाईलवर कोड येतो. पी ०३०१. बस्स! पहिल्या सिलिंडरला मिसफायर. हे कळल्यावर आपल्या अंगात जे वारं शिरतं, ते काय वर्णावं? चहाच्या टपरीवर सहज म्हणून 'आपलं पी ०३०१ निघालं' असं सांगायचं. समोरचा हरणारा थोडाच? त्याचं पी ०४२०, म्हणजे थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर! अहो, कोड फक्त तक्रार सांगतो, कारण सांगत नाही. प्लग गेला, कॉइल गेली, इंजेक्टर तुंबला की कॉम्प्रेशनच उतरलं, हे बघायला शेवटी कुणाला तरी हात काळे करावे लागतात. पण आपण आधी प्लग मागवले, मग कॉइल, मग एक सेन्सर. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

त्यात २०२५चा ऑगस्ट उजाडला आणि ई-२० पेट्रोलवरून देशभर रण पेटलं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल! इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी, तेव्हा ॲव्हरेज थोडं पडणारच. पेट्रोलियम मंत्रालयानंही मान्य केलं: ई-२०साठी जुळवलेल्या गाड्यांत एक-दोन टक्के, बाकीच्यांत तीन ते सहा. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ई-२०विरोधातली याचिकाही फेटाळली. पण ऐकतो कोण? सायलेन्सर गंजला, ई-२०. हॉर्न बसला, ई-२०. सासुरवाडीला पोचायला उशीर झाला, तरी ई-२०च. गंमत अशी, की या इथेनॉलमागे ऊसही आहे (आता मका-तांदूळही भरपूर आहे म्हणा), आणि तो ऊस तोडायला दरसाल दिवाळीच्या सुमारास कोण निघतं? आपलाच बीड जिल्हा. तोडायचंही आपणच, टाकीत भरायचंही आपणच, आणि 'हे काय घातलंय पेट्रोलमध्ये' म्हणून रात्री बारा वाजता बोंबलायचंही आपणच!

गाडीचं एक वेळ ठीक. डोक्याचं काय? एका रीलमध्ये कुणीतरी म्हणालं, 'चावी कुठं ठेवली ते विसरता? तुम्हाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार आहे.' झालं! सगळी आळी आजारी. डॉक्टर विचारतात, हे बाराव्या वर्षाच्या आधीपासून होतं का, घरी आणि कामावर दोन्हीकडे होतं का, सहा महिने टिकलं का. एवढं ऐकायला थांबतो कोण? तोवर ब्राह्मी आली, अश्वगंधा आली, डोपामाइन डिटॉक्स झालं. अभ्यासिकेत पोरं २५ मिनिटांचं पोमोडोरो घड्याळ लावून बसतात. घड्याळ मोबाईलमध्येच असल्यामुळे पहिली दहा मिनिटं घड्याळ निवडण्यात जातात. रात्री दोनपर्यंत 'झोप का गरजेची' याचे व्हिडिओ पाहायचे, आणि सकाळी लक्ष लागत नाही म्हणून पुन्हा तिथंच दाद मागायची. आणि हे कुठं? ज्या अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात तो 'गीतार्णव' रचला, पासोडीवर, म्हणजे जाड्याभरड्या कापडावर, 'पंचीकरण' लिहून काढलं, तिथं! त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची, अशी आख्यायिका आहे. आपल्याला लाईटबिलाचा मेसेज शेवटपर्यंत वाचवत नाही.

बरं, दवाखाना नाही का? अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. घरबसल्या मनातलं बोलायला टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर आहे. पण मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर बाकावर बसलं आणि समोरून चुलत मामी आली तर? संध्याकाळपर्यंत केजपासून गेवराईपर्यंत वार्ता. मोबाईलला मामी नाही, हे त्याचं खरं मोठेपण. म्हणून तर सगळे 'माझ्या एका मित्राला' हा त्रास आहे असं लिहितात. जिल्ह्यात या एका मित्राइतका आजारी माणूस दुसरा नसेल!

आणि वस्ताद? बाटलाच की तो! आता एका हातात पाना, दुसऱ्यात मोबाईल. इंजिन खोलण्याआधी म्हणतो, 'थांबा, जरा बघून घेतो.' वर स्वतःचं चॅनेल काढलंय. 'गाडी मिसिंग मारते? हे पाच मिनिटांत करा.' व्हिडिओ आहे बावीस मिनिटांचा. आपण तो पुढे ढकलत ढकलत पाहिला, खाली सविस्तर गाऱ्हाणं लिहिलं, मॉडेल लिहिलं, किलोमीटर लिहिले. त्याचं लगेच उत्तर आलं, 'दादा, गॅरेज तुमच्याच गल्लीत आहे. गाडी घेऊन या.'

आपण त्याला लाइक दिलं, आणि पुढचा व्हिडिओ लावला.