घाटाघाटाने

सरळ रस्त्याने गणपतीला गावी जाणाऱ्यांची मला कीव येते. पनवेल, माणगाव, महाड, चिपळूण, हातखंबा, कणकवली, हे काय, कुणीही जाईल! आम्ही जाणकार मुंबईहून निघून पुणे-कऱ्हाड-कोल्हापूर करतो आणि मग घाट निवडतो. अंतर वाढतं, हे बायको दर वर्षी सांगते. पण अंतर मोजणाऱ्याने प्रवास करूच नये, मनीऑर्डर पाठवावी.

घाटांविषयी माझी मतं ठाम आहेत. कुंभार्ली कऱ्हाडलाच मोहात पाडतो आणि चिपळुणात उतरवतो, म्हणजे ज्याला टाळलं त्याच महामार्गाच्या गळ्यात बांधतो. आंबा सभ्य आहे, पण तो रत्नागिरीकरांचा. अणुस्कुऱ्यात समोरून एसटी आली की तिचा ड्रायव्हर नुसता बघतो. रिव्हर्स आपणच घेतो. गगनबावड्याहून तर दोन घाट फुटतात, करूळ आणि भुईबावडा. एकात दरड आली तर दुसरा आहे, हा दिलदारपणा सह्याद्रीने इतरत्र दाखवलेला नाही. आणि फोंडा! राधानगरी, दाजीपूर, गव्यांचं जंगल, बॉनेटसुद्धा दिसणार नाही असं धुकं, आणि खाली उतरलं की आमचाच तालुका. फोंड्यावर मी तासभर बोलू शकतो. बोलतोही, मागच्या सीटवर कानांत इअरफोन जातात. एकदा राधानगरीच्या टपरीवाल्याने सांगितलं, ‘‘फोंड्यात झाड पडलंय, गगनबावड्यानं जावा.’’ मी ‘‘तेच ठरवलं होतं’’ म्हणालो आणि गाडी कोल्हापूरकडे वळवली. चहाचे पैसे बायकोने दिले, माझ्याकडे न बघता.

ही विद्या मला हौसेने आलेली नाही. महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा मुलगी पहिलीत होती. आता ती स्वतः गाडी चालवते. काका मुंबईहून बोटीने देवगडला उतरायचे. समुद्राला डायव्हर्जनचे बोर्ड नव्हते. काकू गेली तेव्हा घाट निवडायला वेळ नव्हता, म्हणून सरळ निघालो आणि वडखळच्या आधीच रांगेत अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, खाली खड्डा. चुलतभावाचा फोन आला, ‘‘सावकाश ये रे, आमी थांबतो.’’ ते थांबू शकले नाहीत. पाऊस वाढत होता. त्या ‘सावकाश’चा मला अजून राग येतो, भावाचा नाही.

असो. यंदा मी करूळने उतरून ऐटीत अंगणात शिरलो, तर तोच भाऊ पुण्याहून संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीने आलेला. कणकवलीला यायला आंबोली! सावंतवाडीपर्यंत खाली जाऊन परत वर! सगळं घर त्याच्याभोवती. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मी बेळगावहून चोर्ला घाटाने थेट गोव्यात उतरणार आणि तिथून वर येणार, असं रात्री जेवताना जाहीर करून टाकलं. भाऊ गप्प झाला. बायको रेल्वेचं तिकीट काढणार आहे. एकच.