आत थोडी माया ठेवा

सुरकुत्या परवडायला पैसा लागतो. चार हजारांचा लिननचा शर्ट पाठीपोटावर पार चुरगळलेला असतानाही एखादे गृहस्थ लग्नात पुढच्या सोफ्यावर निवांत बसलेले असतात. त्यांना कुणी काही म्हणत नाही. उलट शेजारचा माणूस कापडाला बोट लावून 'प्युअर दिसतंय' म्हणतो. जवसाच्या धाग्याचं कापड चुरगळतंच, आणि ते चुरगळणं हीच त्याच्या अस्सलपणाची पावती. तेवढ्याच सुरकुत्या आमच्या घरातल्या साडेतीनशेच्या शर्टावर पडल्या, की 'रात्री यातच झोपला होतात का?' असा प्रश्न येतो. म्हणून खिसा जितका तंग, तितकी इस्त्री कडक. सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहिलं, की हे सूत्र कुणालाही पडताळून बघता येईल.

घरात इस्त्री नव्हती तेव्हाही कडकपणा होता. तांब्यात निखारे भरून तो शर्टावरून फिरवत. पँट गादीखाली जायची. हे काम दिसतं तितकं सोपं नव्हे. शिवणीवर शिवण ठेवायची, पायाची घडी बोटांनी धरून वर गादी अलगद सोडायची, आणि मग त्या गादीवर झोपणाऱ्यानं रात्रभर शिस्तीत झोपायचं. कूस फार बदलली तर सकाळी एकाच पायाला दोन धारा. नोकरीच्या मुलाखतीआधी उमेदवारांना झोप लागत नसे, त्याचं हे एक कारण असणार. पुढे टेरिकॉट आलं आणि कारकुनांचा जीव भांड्यात पडला. रात्री धुवून दांडीवर टाकलेला शर्ट सकाळी वाळलेला, वर घडीही न मोडलेला. मे महिन्यात त्यात माणूस उकडून निघायचा, पण उकडलेला माणूस बाहेरून टापटीप दिसायचा.

सुती साडीला खळ लागे. भाताची पेज पातळ करून फडक्यातून गाळून घ्यायची. गाळायचा कंटाळा केला, तर पदरावर शितं घेऊन हळदीकुंकवाला जावं लागतं. साडी सावलीत वाळत घालायची, पुरती वाळायच्या आत काढायची, आणि दोघींनी चार टोकं धरून समोरासमोर उभं राहून ताणायची. आमच्या शेजारच्या घरात सासूसुनेचं एरवी पटत नसे, पण साडी ताणताना दोघींचा जोर बरोबर सारखा पडे. पातळ, स्वस्त कापडाला त्या पेजेनं असं काही अंग यायचं, की नवं लुगडं कितीला घेतलं, अशी विचारणा व्हायची.

खरेदीची जागा म्हणाल तर हिंदमाता. टीव्हीवर बातम्या बघणाऱ्याला हिंदमाता म्हणजे पहिल्या पावसात कमरेएवढं पाणी. आमच्या आत्याला हिंदमाता म्हणजे ड्रेस मटेरियल. पाणी तुंबल्याची बातमी लागली की ती हळहळते, पण तिची हळहळ गाड्यांसाठी नसते. खालच्या कप्प्यातले तागे भिजले असतील, ही तिची चिंता. खरेदीचा काळही ठरलेला. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्नसराई थांबते, साड्यांच्या दुकानात माश्या मारायची वेळ येते आणि दारावर सेलची पाटी लागते. वर्षभराचे आहेर आणि स्वतःची दिवाळी तेव्हाच उरकून घ्यायची. भर लग्नसराईत साडी घेणारा माणूस आत्याच्या मते एकतर श्रीमंत किंवा विसराळू.

पण साडी घेणं हा सोपा भाग. खरी कसोटी मॅचिंग सेंटरमध्ये. जमिनीपासून छतापर्यंत टू बाय टू रुबियाचे गठ्ठे लावलेले. काउंटरवरचा माणूस साडीच्या काठाकडे एकदा बघतो, मागे वळतो आणि नेमका एक ताणून काढतो, 'घ्या ताई, सेम टू सेम.' ताई त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. ठेवूही नये. ट्यूबलाइटखाली राणी रंग जांभळ्याकडे झुकतो, आमसुली नुसताच मळकट दिसतो, आणि मोरपंखी तर दर दिव्याला नवं रूप दाखवतो. म्हणून साडीचं टोक आणि कापडाचा कोपरा एकत्र धरून फुटपाथवर यायचं, सूर्याकडे पाठ करायची आणि बघायचं. दादरला अशा बायका दुकानाबाहेर भर रस्त्यात ठिय्या देऊन उभ्या असतात. फेरीवाले त्यांना वळसा घालून जातात, धक्का मारत नाहीत. चारशेच्या साडीवर नेमक्या छटेचं ब्लाऊज असलं, तर ती साडी नेसलेली बाई आठ हजारांच्या, पण 'जवळपास' रंगाचं ब्लाऊज घातलेल्या बाईच्या शेजारी बिनदिक्कत उभी राहू शकते. ज्यांना हा फुटपाथचा खटाटोप झेपत नाही, त्यांच्यासाठी गुळेदगुड्डचा खण आहेच. खणाचं एक ब्लाऊज शिवून ठेवलं, की सात-आठ साड्यांची सोय होते आणि वर 'काय ट्रॅडिशनल!' असं कौतुक मिळतं. काटकसरीला परंपरेचं नाव मिळाल्याचं इतकं उत्तम उदाहरण दुसरं नाही.

आता शिंपी. आमचे मास्टर स्टेशनजवळच्या एका जिन्याखाली बसतात. मशीन, पाटी आणि मास्टर यांच्यात चौथ्याला जागा नाही. कापड दिलं की माझं वाक्य ठरलेलं.

"मास्टर, कडेला माया ठेवा हं."

"किती?"

"दीड इंच तरी."

मास्टर चष्म्यावरून एकदा मला आपादमस्तक बघतात. "दोन ठेवतो," म्हणतात.

अपमान गिळून मी मान डोलावते, कारण त्या दोन इंचांवर पुढची पाचसहा वर्षं निघणार असतात. दिवाळीचा फराळ, बसून करायची नोकरी, वय, सगळ्याची तरतूद शिवणीच्या आत दुमडून ठेवलेली असते. लागेल तसं उसवायचं. शाळेचे युनिफॉर्म तर सगळे या मायेवरच चालत. जूनमध्ये स्कर्टची खालची दुमड सोडली, की खाली न विटलेल्या गडद रंगाचा पट्टा निघे आणि मुलगी किती वाढली, ते साऱ्या वर्गाला वाचता येई.

रेडिमेडमध्ये ही माया नाही. २९९ रुपयांचा कुर्ता आतून उलटा करून बघा. कारखान्यातलं ओव्हरलॉक मशीन शिवता शिवता कडेचं कापड पात्यानं छाटत जातं. उरतं बोटाच्या पेराहून कमी. लाखभर कुर्त्यांत प्रत्येकी दोन इंच वाचवले, की कापडाचा डोंगर वाचतो, आणि स्वस्ताईचं एक मूळ तिथे असतं. मालकाचं बरोबर आहे. पण अंग अर्ध्या इंचानं सुटलं, की तो कुर्ता संपला. त्याला सैल करायला आत काहीच नाही. मग दुसरा २९९चा. असे चार कुर्ते झाले, की त्या पैशात मास्टरांनी एक असा शिवला असता, जो खांद्यावर खांद्याच्या जागीच बसला असता. माझं ठाम मत आहे, की स्वस्तात छान दिसणं निम्मं खांद्याच्या शिवणीवर असतं. ती दंडावर उतरली, की महागातला महाग कपडाही मागून आणलेला दिसतो. जीएसटीवाल्यांनी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांची रेषा नगामागे १००० रुपयांवरून २५००वर नेली, ते चांगलंच केलं, पण त्यांनाही खांदा कुठे बसतो ते बिलावरून कळत नाही.

मायेचं आणखी एक गिऱ्हाईक म्हणजे रफूवाला. आमच्या भागात आता एकच उरला आहे. ह्यांच्या लग्नातल्या पँटला गुडघ्याजवळ उदबत्तीनं भोक पडलं, तेव्हा त्यानं भोक बघितलंच नाही. आधी पँट उलटी करून खालची दुमड चाचपली. "आत कापड आहे. होईल." मग त्या दुमडीतून सुईच्या टोकानं एकेक धागा ओढून काढला. त्याच कापडाचा, त्याच रंगाचा, त्याच जुनेपणाचा. भोकाच्या अलीकडून पलीकडे आधी उभे धागे घातले, मग त्यांच्या खालून-वरून आडवे. त्यानं तिथे नवं कापड विणलं असं म्हणायला हरकत नाही. फक्त ते चण्याएवढं होतं. काम झाल्यावर मला विचारलं, "सांगा, कुठे होतं?" मला खरंच सांगता आलं नाही. पैसे मात्र त्यानं जागा बरोबर दाखवून घेतले.

शर्टाची कॉलर उलटवून देणारे तर आता सांगूनच कळतील असे झालेत. दाढीच्या खुंटांनी कॉलर घडीवर विरते, बाकी शर्ट धडधाकट असतो. शिंपी ती पट्टीपासून उसवायचा, फिरवून पुन्हा जोडायचा, विरलेली बाजू मानेकडे खाली जायची. शर्टाला आणखी दोन वर्षं. नऊवारी लुगडं बसायच्या जागी विरलं, की मधला भाग कापून दोन्ही तुकडे जोडत, दंड घालत. नेसताना तो जोड काष्ट्यात कुठे दडवायचा, ते ज्या बाईला ठाऊक, तिला फाटकं नेसलीय असं म्हणायची कुणाची छाती नसे.

या सगळ्याला नाक मुरडणारी एक म्हण आपल्याकडे आहेच: घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. ही म्हण ज्यानं काढली त्याचं कणगं भरलेलं असणार. पैसा नसलेल्यानं पैसा नसल्यासारखंच दिसावं, हा तिचा खरा आग्रह. १९२७च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकर बायकांशी वेगळं बोलले, ते या म्हणीपुढे ठेवून बघावं. लुगडं नेसायच्या तऱ्हेवरून आणि गळ्याहातातल्या दागिन्यांच्या ओझ्यावरून तुमची जात ओळखली जाते, ती खूण पुसा, असं त्यांनी सांगितलं. वरच्या म्हणवणाऱ्या जातींच्या बायका नेसतात तसं नेसा, त्याला काही खर्च पडत नाही, हेही सांगितलं. लुगडं तेच, नेसणारी तीच, फक्त निऱ्या आणि लांबी बदलायची. दिसण्याचा प्रश्न केवळ हौसेचा असता, तर त्यांनी त्या सभेत त्यासाठी वेळ घालवला नसता. आणि फुकटात होणाऱ्या त्या बदलानं पुष्कळांचं पित्त खवळतं, हेही त्यांना चांगलंच माहीत होतं.

माझे प्रश्न त्यामानानं फारच किरकोळ. त्यातला मोठा म्हणजे हजेरीपट. कपडे मोजके असले, की ते कुणासमोर घातले ते लक्षात ठेवावं लागतं. 'ही तू वास्तुशांतीला नेसली होतीस ना गं?' हे वाक्य प्रेमानं म्हटलेलं असलं तरी जिव्हारी लागतं. म्हणून आत्यानं एक पद्धत बसवली होती. साड्या थोड्या, पण प्रेक्षक निराळे. माहेरचं लग्न, सासरची मुंज, भिशी, ऑफिसातला निरोपसमारंभ. यांतली माणसं एकमेकांना भेटत नाहीत. तेव्हा एकच अंजिरी सिल्क चारही ठिकाणी कोरी करकरीत म्हणून मिरवता येते. ही व्यवस्था तिच्या डोक्यात पक्की होती, वही लागत नसे. नवरात्रात तिला थोडा ताण पडे. वर्तमानपत्रांत नऊ दिवसांचे नऊ रंग छापून येतात आणि लोकलचा बायकांचा डबा सकाळी एका रंगाचा होतो. हिरवा, लाल, पिवळा घरात निघतो. पण राखाडी? राखाडी साडी कोण हौसेनं घेतं? मग त्या दिवसासाठी मजल्यावरची एकच राखाडी साडी, दुपारच्या शिफ्टवालीकडून सकाळच्या शिफ्टवालीकडे आणि परत, अशी दोन घरं करते.

व्हॉट्सअ‍ॅपनं हे सगळं मोडीत काढलं. मुंजीत बटूच्या डोक्यावर अक्षता पडायच्या आत आत्याचा फोटो सासर, माहेर, भिशी आणि सोसायटी या चारही ग्रुपवर पोचतो. जे प्रेक्षक तिनं आयुष्यभर वेगळे ठेवले होते, ते एका रात्रीत एकाच रांगेत येऊन बसले. पहिले काही महिने ती हादरली होती. मग तिनं उपाय काढला. हल्ली ती ग्रुप फोटोत मागच्या रांगेत, उंच माणसाच्या आड उभी राहते; फक्त हसरा चेहरा दिसतो. सगळे म्हणतात, वयानुसार किती नम्र झाल्या.

इतकं करूनही कपडा एक दिवस संपतोच. मग येते बोहारीण. वर्षानुवर्षं माझं मत असं, की मुंबईत कपड्याची खरी पारख फॅशन डिझायनरांपेक्षा या बाईला जास्त आहे. गेल्या महिन्यात मी तिच्यापुढे ढीग टाकला. तिनं एकेक कपडा उचलला, उजेडापुढे धरला, दोन्ही मुठींत पकडून ताणला, शिवण उलटून बघितली. ह्यांच्या दोन टेरिकॉटच्या पँट्स तिनं न बोलता बाजूला घेतल्या. आईची जुनी प्रिंटेड साडी घेतली. तीनशेच्या आतबाहेरचे माझे पाच कुर्ते मात्र तिनं दोन बोटांनी उचलून परत माझ्याकडे सरकवले.

"हे नको ताई."

"अगं, वर्षसुद्धा झालं नाही घेऊन!"

"म्हणून तर नको. यात काय उरलंय?"

मी स्टीलच्या टोपावर अडून बसले होते, ती झाकणीवर. एक ब्लँकेट वाढवलं, तरी झाकणीच. शेवटी भांडी टोपलीत रचता रचता तिची नजर माझ्या अंगावरच्या कुर्त्यावर गेली. अंजिरी, आत्याच्या त्याच सिल्कच्या साडीतून मास्टरांनी शिवलेला, दोन वेळा उसवून सैल केलेला. तिनं बाहीची कड चिमटीत धरून आत काय आहे ते पाहिलं.

"हा कधी काढणार?" तिनं विचारलं. "काढाल तेव्हा मला हाक मारा. टोप देईन, झाकणीसकट."