नळभक्त भाच्यास अनावृत पत्र

चि. भाच्यास,
परवा मध्यरात्री तुझा लालबुंद डोळा घेऊन आपण इमर्जन्सीत बसलो होतो. नर्सने विचारलं, लेन्स कशात धुतोस? तू छाती फुगवून म्हणालास, ‘टॅपवॉटर! व्हँकुव्हरचं आहे.’

काय ती निष्ठा! नाशकात ॲक्वागार्डखेरीज घोट न घेणारा तू, इथे येऊन नळाचा भक्त झालास. कॅपिलानो-सीमूरचं पाणी गाळतात, अतिनील किरणांखालून नेतात, त्यात क्लोरीन घालतात, सगळं मान्य. पण ही खटपट प्यायच्या पाण्यासाठी असते रे! अकॅन्थामीबा नावाचा जीव जगभरच्या नळांत सापडतो आणि कवचात शिरला की क्लोरीनला भीक घालत नाही. गिळला तर काही बिघडत नाही. लेन्सखाली अडकला तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा कुरतडतो. मग महिनोन्‌महिने औषध. तुझ्या डोळ्यात तो आहे की एखादा बॅक्टेरिया, ते प्रयोगशाळेतलं कल्चर सांगेल. आणि सोल्यूशनची बाटली होती की घरात! ती काय देव्हाऱ्यात ठेवायला आणली होतीस?

बाकीचे पराक्रम थोडक्यात: कालच्या सोल्यूशनवर आजचं ओतणं, नाशकाहून आणलेली डबी अजून वापरणं, किट्सिलानोच्या पोहण्याच्या तलावात लेन्ससकट डुंबणं. वर लेन्स घालूनच झोपणं. अमेरिकेतल्या १९८९ च्या एका पाहणीत, दिवसाच सॉफ्ट लेन्स घालणाऱ्या दहा हजारांमागे वर्षाला साधारण ४ जणांना बुबुळावरच्या याच पडद्याचा जंतुसंसर्ग झाला होता. रात्रीही ठेवायच्या लेन्सवाल्यांत सुमारे २१ जणांना.

झोपेवरून मात्र तुला फार बोलवत नाही. गोदामात रात्रपाळी, सकाळी लेक्चर, मधे स्कायट्रेनमध्ये डुलकी. हात धुऊन लेन्स काढणार कुठे? रोज नवी लेन्स परवडत नाही. तुम्हा परदेशी विद्यार्थ्यांकडून महिन्याला ७५ डॉलर आरोग्यशुल्क घेऊनही तुमच्या वयाच्या माणसांची नेहमीची नेत्रतपासणी सरकारी विम्यात बसत नाही. दुखेपर्यंत डॉक्टर दिसणार कसा?

पण दुखायला लागल्यावर? डोळा ठणकत असताना, उजेड सोसत नसताना पुन्हा तीच लेन्स घालून कामावर गेलास! का, तर चष्म्यात फोटो वाईट येतो. गाढवा, दृष्टी जाते याने!

असो. थेंब दर तासाला घालायचे आहेत, रात्रीसुद्धा, मी उठवीन. तुझ्या आईला तू ‘डोळे आलेत’ एवढंच सांगितलंयस आणि ती गुलाबपाणी घाल म्हणतेय. आज तिला खरं काय ते सांग, नाहीतर मी सांगतो.

तुझा,
मामा