वीरगळ ते डिजिटल फलक

शिलाहारांच्या काळात कोल्हापूर परिसरात वीरगळ, म्हणजे वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड, उभा राहायचा तो वीर पडल्यावर. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरांसोबत स्वर्गारोहण, वर शिवपूजा. अट एकच: आधी मरायचे. शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधल्यावर जिवंतपणी पराक्रमी ठरण्याची सोय झाली. घाम मात्र गाळावाच लागे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकले, त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते. आता ‘किंग’ व्हायला वाढदिवस पुरतो. चौकातल्या फलकावर गॉगल, गळ्यात साखळी, मागे डरकाळी फोडणारा वाघ (त्याची संमती कुणी घेत नाही) आणि खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग. फलकाची वर्गणीही त्याच रांगेतून निघते.