आमचंच पाणी, आणि पैसे मोजून भिजायचं!

ऐकलंत का? नसेल तर जरा जवळ सरका. होटगीत बातमी दडून राहत नाही. एक रूळ वाडीकडे, एक विजापूरकडे, आणि मधल्या फलाटावर चहा पिणारे सगळे आपलेच. तर सकाळच्या चहाला कळलं ते असं, की आमच्या शेजारच्या अक्कांचा थोरला मनःशांतीला गेला होता.

आता मनःशांतीला जायला आमच्याकडे काय कमी आहे? गावात मठ आहे, सोलापुरात तळ्याच्या मधोमध सिद्धेश्वर आहे, आणि अगदीच जीव विटला तर पंढरपूर कुठं पळून गेलंय? पण हा गेला कोलाडला. रायगड जिल्ह्यात! होटगीहून साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं! कशाला, तर रबरी नावेत बसून नदीत आपटून घ्यायला आणि मग चटईवर पडून बरं व्हायला. याला म्हणे 'रिट्रीट' म्हणतात. दोन रात्रींचे पैसे अक्कांनी विचारले, तेव्हा त्यानं आकडा न सांगता ताटातली चटणी इकडची तिकडं केली. अक्का काय ते समजल्या.

हिंजवडीत नोकरी आहे पोराला. पूर्वी कचेरीत डोकं उठलं की माणूस रजा टाकून गावी यायचा, दोन दिवस पडायचा, आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगा चटणी खायचा आणि रविवारच्या गाडीनं परत जायचा. ते आता जुनं झालं. आता नुसतं झोपून भागत नाही. कोणीतरी शेजारी बसून 'आता तुम्ही विसावत आहात' असं सांगावं लागतं.

अक्कांनी त्याच्या मोबाइलवरचा कार्यक्रम आम्हाला वाचून दाखवला. पहाटे श्वसन. श्वसन! सबंध आयुष्य जे फुकट केलं ते. मग काशाचे वाडगे वाजवतात आणि त्या नादानं मनाच्या गाठी सुटतात. आमच्या घरात काशाची वाटी आहे, आजेसासूबाईंची. तुपाचं बोट लावून ती तळपायाला घासायची, डोळ्यांची आग जाते आणि झोप लागते. यांनी ती वाटी पायाखालून काढली आणि कानाशी नेली, एवढाच काय तो शोध. जेवायला ज्वारी! 'ग्लूटेन नसलेलं प्राचीन धान्य' म्हणून! मंगळवेढ्याच्या मालदांडीवर वाढलेलं हे पोर, ते तिथं पैसे मोजून भाकरीचा फोटो काढत होतं. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं हो.

आणि खरी गंमत पुढंच. रात्री शेकोटीभोवती गोल करून बसवतात आणि सांगतात, 'सोडून द्या, सगळं सोडून द्या.' सकाळी नावेत बसवतात आणि तो नाववाला ओरडतो, 'धरा! घट्ट धरा!' आमच्या अप्पांनी हे ऐकलं आणि पान थुंकून विचारलं, 'मग ह्यातलं खरं कोणतं म्हणायचं?' पोराला उत्तर येईना. मला विचाराल तर नाववालाच खरा. त्याला नदी माहीत आहे.

ही हवा आली हृषीकेशहून, यात वाद नाही. तिथं 1968 साली ते विलायती गाणारे बीटल्स महर्षी महेश योगींच्या आश्रमात येऊन राहिले, तेव्हापासून गोऱ्या पायांची वाट पडली. पुढं शिवपुरीपासून खाली गंगेत रबरी नावा आल्या. मग एका काठावर योग आणि दुसऱ्या काठावर हेल्मेट असं किती दिवस चालणार? दोघांचं लग्न लागलं. मध्ये 2018 च्या जूनमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं धोरण ठरेपर्यंत नावा बंदही करायला लावल्या होत्या. पण एकदा वऱ्हाड निघालं की कोण थांबवतो?

आपल्याकडं हे नवं आहे असं मात्र कोणी म्हणू नये. लोणावळ्याला कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं 1924 मध्ये. उरुळी कांचनला गांधीजींनी निसर्गोपचार सुरू केला 1946 साली. ते स्टेशन तर आमच्याच पुणे लाइनीवर. इगतपुरीत विपश्यनेला दहा दिवस तोंड मिटून बसवतात आणि फीही मागत नाहीत. म्हणजे गप्प बसायची सोय फुकट आहे. किंचाळायचे तेवढे पैसे पडतात.

हे सगळं एक वेळ पोटात घातलं असतं. पण त्या रिट्रीटचं पत्रक म्हणत होतं, 'रानटी, मुक्त नदीच्या स्वाधीन व्हा.' हे वाचलं मात्र, आणि अप्पा खाटेवर उठून बसले. पाण्याचा विषय निघाला की अप्पांचा गुडघा दुखायचा थांबतो.

मुक्त नदी? कोलाडची कुंडलिका? अहो, उन्हाळ्यात ती नदी उधळते ती भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की. सकाळी पाणी सुटतं, नावा त्यावर पळतात; पाणी ओसरलं की खडक उघडे. म्हणजे मन मोकळं करायचं ते वीजघराच्या वेळापत्रकानुसार. आणि ते पाणी कुठलं? मुळशीचं! मुळा नदी अडवली, तिचं पाणी बोगद्यातून उलटं पश्चिमेला नेलं, सह्याद्रीच्या कड्यावरून शेकडो मीटर खाली नळांतून सोडलं आणि 1927 पासून त्यावर भिऱ्याला वीज होते. टाटांची. त्या धरणात जमिनी बुडणार म्हणून सेनापती बापटांनी 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह उभा केला. मावळे हरले, धरण झालं.

आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. ती मुळा तिच्या स्वभावानं वाहती तर कुठं गेली असती? पुण्यात मुठेला भेटली असती, दोघी मिळून भीमेला, भीमेतून उजनीत, उजनीतून पंढरपूर, आणि पंढरपूरहून आमच्या दक्षिण सोलापुरात! म्हणजे पोरगं ज्या पाण्यात पैसे देऊन भिजलं, ते आमच्याच वाटचं पाणी! माहेरची साडी भाड्यानं नेसून मिरवावं तसं झालं हे. ताम्हिणीतून जाताना मुळशीचं तळं त्यानं खिडकीतून पाहिलं आणि त्याचा फोटोही काढला. ओळख मात्र पटली नाही. ते पाणी पुन्हा भीमेत सोडा ही मागणी आमच्याकडं आजची नाही. पण निवेदन देऊन मन हलकं होतं असं पत्रक अजून कोणी काढलेलं नाही.

आणि तशी नदी तर आमच्याकडंही सोडूनच येते. उजनीत 117 टीएमसी पाणी मावतं, पण उन्हाळ्यात 'धरण मायनसमध्ये गेलं' हे आमच्या बायकांनाही दुधाच्या भावासारखं पाठ असतं. सोलापूरला प्यायला म्हणून भीमेत पाणी सोडत आले, ते वाळूतून रांगत रांगत औजच्या बंधाऱ्यापर्यंत यायचं. त्याच्या वाटेकडं जे डोळे लागायचे ना, त्याहून मोठं ध्यान मी तरी पाहिलेलं नाही. आणि 2025 च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला, तेव्हा माणसांना बोटीत घालून बाहेर काढलं. त्या बोटीही पाण्यावर उसळत होत्या. त्याला कोणी साहस म्हटलं नाही.

पण खोटं कशाला बोलू? पोरगं परत आलं ते वेगळं दिसत होतं. दोन दिवस मोबाइल काढून घेतला होता म्हणे त्याचा, गार पाण्यात चार वेळा पडलं, पोटभर ओरडलं. होटगीत आल्यावर रात्री नऊला झोपलं ते सकाळी सातला उठलं. अक्का दोनदा जाऊन श्वास बघून आल्या. पुढच्या खेपेला आईलाही नेतो म्हणाला. अक्का तोंडानं 'मेल्या, माझ्या वयाला!' म्हणाल्या, पण संध्याकाळी मला हळूच विचारत होत्या, नऊवारी नेसून त्या नावेत बसू देतात का.

जाताना पोरानं नेला होता आपला सोलापुरी टॉवेल, येताना आणला ओला पिळा. कुंडलिकेच्या चिखलाचा. आईपुढं टाकला आणि म्हणाला, लगेच धू, वास येतोय. अक्कांनी तो परसातल्या दगडावर ठेवून दिलाय. नळ परवा येणार आहे.