भाडेकरूसाठी रकाना नाही

ठाणे जिल्ह्यात पावसाळ्याचे अंदाज दोन निघतात. एक हवामान खात्याचा, दुसरा महापालिकेचा. दुसऱ्याला धोकादायक इमारतींची यादी म्हणतात. त्यात इमारतींना परीक्षेसारख्या श्रेण्या असतात. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे माणसं आत ठेवूनच दुरुस्त करायची आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. नोटीस दारावर चिकटते: इमारत खाली करा, दुर्घटना घडल्यास महापालिका जबाबदार नाही. खाली करून जायचं कुठे, हा नोटिशीचा विषय नव्हे.

जुलै २०१५च्या अखेरीस ठाकुर्लीची ‘मातृकृपा’ कोसळली, नऊ जण गेले. आठवडाभरात ठाण्यात नौपाड्याची ‘कृष्णा निवास’ पडली, बारा गेले. तरीही पागडीचा भाडेकरू हलत नाही, याचं साहेबांना नवल वाटतं. एकदा कुलूप लावून बाहेर पडलं की खोली गेली, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. इमारत पडावी असं मालकाला वाटतं, टिकावी असं भाडेकरूला वाटतं आणि पडायचीच तर नोटीस पोचल्यावर पडावी, एवढीच महापालिकेची माफक अपेक्षा असते.

भाडेकरूचा विचार सरकारने केलाच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. २००८मध्ये एमएमआरडीएने खास भाड्याच्या घरांची योजना काढली. माणसाला १६० चौरस फूट पुरतात, असा हिशेब झाला. त्यात ओटा, मोरी आणि पलंग बसतो; पाहुणा आला की घरातल्या एकाने गॅलरीत उभं राहायचं. बिल्डरला मात्र चार एफएसआय: एकात भाड्याची खुराडी, उरलेल्या तिनात विक्रीचे टॉवर. टॉवर विकले गेले. ठाण्यात वर्तकनगरच्या ‘दोस्ती रेंटल’मध्ये रस्तारुंदीकरणात घर गेलेले आणि धोकादायक इमारतींतून काढलेले लोक येऊन पडले. पनवेलजवळ कोनला तर १६० अधिक १६० बरोबर ३२० करून २०१६मध्ये २,४१७ घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी निघाली, तीही विकत. त्यांच्या हक्काबद्दल कोणाची तक्रार नाही. पण ज्याच्यासाठी मांडव घातला तो भाडेकरू पंगतीत कुठेच नाही.

कल्याण-डोंबिवलीत तर घरं तयार आणि माणसं बाहेर, असाही प्रयोग झाला. केंद्राच्या बीएसयूपी योजनेत गरिबांसाठी इमारती उभ्या राहिल्या आणि लाभार्थी कोण हे ठरेपर्यंत त्यातल्या कित्येक सदनिका वर्षानुवर्षं कुलपात राहिल्या. पात्रतेला जुन्या वास्तव्याचा पुरावा लागतो. भाडेकरूचं लाइट बिल मालकाच्या नावावर आणि करारनामा अकरा महिन्यांचा, तोही बहुधा गेल्या महिन्यात संपलेला.

पुरावा कसा असावा, हे शिकायचं तर डोंबिवलीच्या ६५ इमारतींकडे जावं. महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट आणि त्यांच्या जोरावर महारेराची नोंदणी मात्र अस्सल! बँकांनी कर्जं दिली, कुटुंबं राहायला आली आणि नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने इमारती पाडायला सांगितल्या. घर विकत घेतलेल्यांनी मोर्चे काढले, मंत्र्यांच्या भेटी घेतल्या, आश्वासनं मिळवली. फसवले गेलेल्यांना तेवढं तरी मिळायलाच हवं. त्याच इमारतींत भाड्याने राहणाऱ्याने डिपॉझिट कोणाकडे मागायचं? मालक स्वतःच हप्ते फेडतोय.

भाडेकरू दुसरी खोली शोधायला निघतो. दलाल एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून आधी घेतो, मग विचारतो: गाव कुठलं, आडनाव काय, मासे खाता का, लग्न झालंय का? त्यानंतर आधारकार्ड, फोटो, आधीच्या मालकाचा नंबर, पोलिस पडताळणी. डोंबिवलीत खोली घेणाऱ्याची एवढी कसून चौकशी होते. त्या ६५ परवानग्यांवरचे शिक्के खरे आहेत का, असा एक फोन महापालिकेला कोणी वेळेवर केला असता तर बरं झालं असतं.